बाण गायब आणि नुसते ठिपके: पॉइंट चार्जचं इलेक्ट्रिक फील्ड प्लॉट करताना दर वेळी होणारा घोळ

प्रॅक्टिकल सबमिशनचे दिवस आले की माझ्या फोनवर ठरलेला फोटो येतो. लॅपटॉपच्या स्क्रीनचा, तिरका काढलेला, वर ट्यूबलाइटची रेघ चमकतेय आणि खाली लिहिलेलं "फील्ड येत नाहीये". स्क्रीनशॉट घ्यायचं कुणाला सुचत नाही. या वेळी तो सख्ख्या भाच्याकडून आला त्यामुळे टाळता आलं नाही, रात्री साडेदहाला बसलो आणि आता सगळं एकदाच लिहून ठेवतोय, पुढच्या वर्षी विचारणाऱ्याला हेच पाठवून देईन.

तर प्रॉब्लेम असा. दोन चार्ज, एक प्लस एक नॅनोकूलॉम आणि एक मायनस एक नॅनोकूलॉम, एक्स अ‍ॅक्सिसवर ०.३ आणि -०.३ मीटरला ठेवलेले. ग्रिड -२ ते २, लिनस्पेसने (समान अंतरावरचे आकडे देणारं फंक्शन) दोन्हीकडे ४१ पॉइंट, मग मेशग्रिडने त्यांची जाळी, मग प्रत्येक चार्जसाठी त्याच्यापासून पॉइंटपर्यंतचं आडवं, उभं आणि सरळ अंतर म्हणजे डीएक्स, डीवाय, आर काढायचा, फील्डची बेरीज करायची आणि मॅटप्लॉटलिबच्या क्विव्हरला, म्हणजे बाण काढणाऱ्या फंक्शनला, द्यायची. पायथन आणि त्याची गणिताची लायब्ररी नमपाय, बाकी काही नाही. चित्र काय आलं तर सगळीकडे बारीक बारीक ठिपके, म्हणजे दिवाळीत अंगणात कोणीतरी ठिपके काढून गेलंय आणि रेघा ओढायला परत आलंच नाही असं, आणि मधून दोन जाड आडव्या पट्ट्या, एक डावीकडे एक उजवीकडे, थेट फ्रेमच्या बाहेर गेलेल्या. एरर नाही. वॉर्निंगसुद्धा नाही.

"मामा, काल चालत होतं रे हे."

"काल काय वेगळं होतं?"

"काही नाही. चार्ज ०.५ वर होते, सरांनी ०.३ वर घ्यायला सांगितले, तेवढंच बदललं."

तेवढंच म्हणे. सगळी भानगड तिथेच होती, पण मला पण ती लगेच दिसली नाही हे कबूल करतो. मी आधी युनिट बघितली, कूलॉमच्या नियमातल्या के ची किंमत बघितली, साइन बघितलं, सगळं बरोबर. मग त्याला म्हटलं चित्र बाजूला ठेव, फील्डच्या मॅग्निट्यूडचा मॅक्स प्रिंट कर. आला ३ गुणिले १० चा ३२ वा घात, व्होल्ट पर मीटर. आता हवेत साधारण ३० लाख व्होल्ट पर मीटरला ठिणगी पडते, म्हणजे १० चा फक्त सहावा घात, आणि याच्या टेबलावर एका नॅनोकूलॉमचा चार्ज बत्तिसाव्या घातापर्यंत पोचलाय. मग आर्गमॅक्सने तो पॉइंट कुठला ते शोधलं तर मधली रो आणि १७ नंबरचा कॉलम. त्या जागेचा एक्स किती? त्याने पूर्ण अ‍ॅरे प्रिंट केला, तिथे -०.३ दिसलं. "मग बरोबर चार्जवरच आहे ना, तर नॅन यायला पाहिजे होतं." (नॅन म्हणजे "हा आकडाच नाही", शून्य भागिले शून्यला मिळणारं उत्तर.) मुद्दा बरोबर होता त्याचा. तर म्हटलं अ‍ॅरे नको, तो एकटा आकडा प्रिंट कर. आणि मग आलं -०.२९९९९९९९९९९९९९९८.

इथे सगळं उलगडलं. नमपाय अख्खा अ‍ॅरे छापताना आठच अंक दाखवतं, त्यामुळे तिथे सुबक -०.३ दिसतं. आत मात्र लिनस्पेस काय करतं, तर स्टेप ०.१, तिला १७ ने गुणतं आणि त्यात -२ मिळवतं. ०.१ हा आकडा बायनरीत पूर्ण बसतच नाही, जसा एक तृतीयांश दशांशात ०.३३३ करत कधी संपत नाही तसा, म्हणून १७ गुणिले ०.१ हे १.७ न येता शेवटच्या अंकात एक केसभर जास्त येतं. आपण हाताने टाइप केलेलं -०.३ वेगळं आणि ग्रिडवरचं -०.३ वेगळं, दोघांतलं अंतर साधारण १.७ गुणिले १० चा उणे १६ वा घात मीटर. अणूच्या न्यूक्लियसपेक्षाही कमी अंतर. आता त्या अंतराचा वर्ग करून त्याने ९ ला (के गुणिले एक नॅनोकूलॉम) भागा, बत्तिसावा घात हातात येतो. प्रोग्रामने एकही गणित चुकवलेलं नाही, त्याला चार्जच्या इतकं जवळ नेऊन आपणच उभं केलं.

आणि काल का चाललं? कारण ०.५ वर हा खेळ होत नाही. १५ गुणिले ०.१ आणि २५ गुणिले ०.१ नेमके १.५ आणि २.५ येतात, म्हणजे ग्रिडचा पॉइंट बरोब्बर चार्जवर, शून्य भागिले शून्य, नॅन. नमपायने "इनव्हॅलिड व्हॅल्यू एनकाउंटर्ड इन डिव्हाइड" अशी वॉर्निंग दिली होती, याने ती बघितली आणि सोडून दिली कारण चित्र छान आलं. क्विव्हर नॅन असलेले पॉइंट गुपचूप गाळतो. थोडक्यात काल ओरडून सांगितलं तेव्हा चित्र नीट होतं, आज एक अक्षर बोललं नाही आणि चित्र मेलं.

ठिपके का येतात तेही सांगतो. क्विव्हर बाणांचा स्केल स्वतः ठरवतो, सगळ्या बाणांच्या सरासरीवरून. १६८१ बाणांत दोन बाण बत्तिसाव्या घाताचे असले की सरासरी वर जाते आणि बाकीचे १६७९ इतके बारके होतात की क्विव्हर त्यांच्या जागी नुसता ठिपका काढतो. त्या दोन आडव्या पट्ट्या म्हणजे तेच दोन राक्षस, टोकं फ्रेमच्या बाहेर.

आता उपाय. नेटवर सगळ्यात जास्त सापडणारा उपाय म्हणजे आर मधे छोटासा आकडा मिळवा, १० चा उणे नववा घात वगैरे. भाच्याने तो माझ्यासमोरच टाकला आणि चित्र जसंच्या तसं. पॉइंट नेमका चार्जवर असेल तर हा उपाय चालतो, कारण वर शून्य आणि खाली काहीतरी, उत्तर शून्य. पण केसभर हुकलेला असेल तर वर १० चा उणे १६ वा, खाली आर चा घन म्हणून उणे २७ वा, आणि फील्ड अजून १० च्या बाराव्या घातात. तेवढं बाकीच्या बाणांना मारायला भरपूर झालं. मग लोक तो आकडा वाढवत नेतात, ०.०५ करतात, आर स्क्वेअरमधे त्याचा वर्ग मिळवतात, आणि चित्र सुंदर येतं. येईलच, पण चार्जपासून ०.१ मीटरवर फील्ड खऱ्यापेक्षा २८ टक्के कमी झालं, अर्ध्या मीटरवरसुद्धा दीड टक्का कमी. दिसायला हरकत नाही, पण खाली टेबलमधे तेच आकडे लिहून देणार असाल तर तो पॉइंट चार्ज राहिला नाही, दुसरंच काहीतरी झालं.

मी काय करतो: प्रत्येक चार्जसाठी आर काढला की जिथे आर ग्रिडच्या अर्ध्या स्टेपपेक्षा कमी आहे तिथे सरळ नॅन ठेवतो. इथे स्टेप ०.१, तर ०.०५ च्या आत नॅन. बेरजेत नॅन पुढे सरकतो, क्विव्हर तो गाळतो, आणि बाकी सगळीकडे फील्ड शंभर टक्के खरं राहतं. फक्त नंतर मॅक्स काढताना नॅन सोडून मोजणारं नॅनमॅक्स वापरा, नाहीतर "मॅक्स पण नॅन येतोय" म्हणून पुन्हा फोन. काही जण ४१ चे ४० पॉइंट करून सुटका करून घेतात, शून्यावरच्या एकट्या चार्जला ते चालतं पण चार्ज हलवला की नशिबावर.

एवढं करून पण चित्र लगेच देखणं होणार नाही. चार्जच्या शेजारच्या पॉइंटवर फील्ड नऊशेच्या घरात आणि कोपऱ्यात ०.४ च्या आसपास, म्हणजे दोन हजार पटींचा फरक, कोपऱ्यातले बाण दिसणार कसे. इथे दोन्ही कंपोनंटना मॅग्निट्यूडने भागून सगळे बाण एकाच लांबीचे करा आणि मॅग्निट्यूडचा दहाच्या बेसचा लॉग रंगाला द्या. दिशा बाणात, जोर रंगात. आणि अ‍ॅक्सिसचा अ‍ॅस्पेक्ट इक्वल ठेवा, नाहीतर गोल अंड्यासारखे दिसतात आणि बाणांचे अँगल बघून उगाच शंका येते.

ही झाली मुख्य गोष्ट. पण फोटो पाठवणाऱ्या दहातल्या चार जणांचं दुखणं वेगळंच असतं, आणि ते जास्त वाईट कारण तिथे चित्र चांगलं दिसतं.

सगळ्यात जुनं म्हणजे आर स्क्वेअर की आर क्यूब. पुस्तकात कूलॉमच्या नियमात खाली आर स्क्वेअर असतो पण वर युनिट व्हेक्टर असतो. तुम्ही वर डीएक्स लिहिलंत म्हणजे पूर्ण व्हेक्टर लिहिला, मग खाली क्यूब पाहिजे. स्क्वेअर ठेवलात तर दिशा सगळ्या बरोबर येतात, बाण बाहेर जातात, सर पण सही करतील, फक्त फील्ड अंतराच्या वर्गाने न घटता नुसत्या अंतराने घटतं. आणि यातली खरी गंमत म्हणजे बरेच जण चेक करतात पण एक मीटरवर चेक करतात! एकाचा वर्ग एक, घन एक, दोन्ही कोड ८.९९ देतात आणि माणूस खूश. चेक करायचं तर दोन मीटरवर करा, एकटा एक नॅनोकूलॉम ठेवा, २.२५ आलं पाहिजे. ४.४९ आलं तर स्क्वेअर लिहिलाय.

त्याच जागी दहापट जास्त आलं, म्हणजे २२.५, तर नॅनो लिहिताना १०ई-९ टाइप केलंय. हे इतकं होतं की मी आता विचारायच्या आधीच सांगतो. १०ई-९ म्हणजे दहा नॅनो. एक नॅनो म्हणजे १ई-९. आपण बोलताना "दहाचा उणे नऊ" म्हणतो ना, तो दहा बोटांतून उतरतो.

बाण उलटे, म्हणजे प्लस चार्जकडे आत येत असतील तर वजाबाकी उलटी केलीय. फील्ड पॉइंटमधून चार्जची जागा वजा करायची. पुढे.

इंटिजरचा घोळ जरा नीट सांगतो कारण तो गपचूप होतो. ग्रिड अरेंजने -५ ते ५ असा पूर्णांकात बनवला, मग झीरोजलाइकने त्याच्यासारखा रिकामा अ‍ॅरे बनवला, तर तो रिकामा अ‍ॅरे पण इंटिजरचाच होतो. आता जर पूर्ण अ‍ॅरेची बेरीज प्लस-इक्वलने केलीत तर नमपाय एरर देतं की फ्लोट (दशांशवाला आकडा) इंटिजरमधे घालता येणार नाही, सुटलात. पण लूपमधे एकेक खाना भरत असाल तर काही बोलत नाही, दशांश कापून आत ठेवतं. ०.५६ चं शून्य, २.२५ चं दोन. लांबचं सगळं फील्ड शून्य, आणि मग "मामा, तीन मीटरपासून पुढे फील्ड संपतं का?" असा प्रश्न येतो. नाही रे बाबा. झीरोजला सरळ शेप द्या, तो आपोआप फ्लोट होतो, किंवा ग्रिडच्या आकड्यांत एक टिंब टाका. याचाच भाऊ म्हणजे पायथनमधे वर्गासाठी टोपी वापरणं. पायथनमधे वर्ग म्हणजे दोन स्टार, टोपी म्हणजे बिटवाइज एक्सऑर. फ्लोटवर एरर येते, इंटिजरवर येत नाही, ५ टोपी २ चं उत्तर ७ मिळतं आणि तुम्ही फिजिक्समधे चूक शोधत बसता.

ऑक्टेव्ह (मॅटलॅबसारखंच, पण फुकट) वापरणाऱ्यांचं उलट. तिथे टोपीच वर्ग आहे पण पुढे टिंब पाहिजे. टिंब विसरलात तर तो मॅट्रिक्सचा घात काढतो, आणि ग्रिड ४१ बाय ४१ चौरस असेल तर तसा घात काढता येतो, त्यामुळे तो निवांत काढून देतो. भागाकाराचं पण तेच. चित्रात काहीतरी मॉडर्न आर्ट येतं. इथली माझी आवडती युक्ती: ग्रिड कधीही चौरस ठेवू नका. ४१ बाय ३१ करा. घाताचं टिंब विसरलं की लगेच एरर, भागाकाराचं विसरलं तर उत्तराचा साइज बदलतो आणि पुढे अडतं, शिवाय अ‍ॅरेच्या रो-कॉलमची अदलाबदल झाली असेल तरी साइज जुळत नाही म्हणून पकडलं जातं. चौरस ग्रिडवर दहा चुका पोटात लपतात. काही कॉलेजांत सायलॅब असतं, तिथे टिंबाचा नियम हाच, फक्त बाण काढणारं चँप फंक्शन पहिला इंडेक्स एक्सचा धरतं, म्हणून मेशग्रिडवरून आलेलं फील्ड ट्रान्सपोज करून, म्हणजे रो-कॉलम उलटवून, द्यावं लागतं. (सायलॅब आणि पायथन दोन्हीसाठी आयआयटी बॉम्बेच्या स्पोकन ट्युटोरियलमधे मराठीतून व्हिडिओ आहेत, शांतपणे बोलतात, इंग्रजीने धाप लागत असेल तर तिथून सुरू करा.)

मग येतात पोटेन्शियलवाले. आधी पोटेन्शियल म्हणजे व्ही काढतात कारण स्केलर आहे, सोपा आहे, आणि मग ग्रेडियंट घेऊन मायनस. कल्पना चांगली, पण नमपायचा ग्रेडियंट अ‍ॅक्सिसच्या क्रमाने उत्तर देतो, आणि मेशग्रिडच्या नेहमीच्या पद्धतीत पहिला अ‍ॅक्सिस म्हणजे रो म्हणजे वाय. म्हणून आधी ईवाय येतं, मग ईएक्स. मॅटलॅबमधे उलटं, तिथे एक्स आधी, त्यामुळे मॅटलॅबचा जुना कोड कुणाकडून घेऊन पायथनमधे उतरवला की हमखास अदलाबदल. ओळखायची खूण: मधोमध एकच चार्ज ठेवा. एका तिरक्या रेषेवर बाण बरोबर बाहेर जातात, दुसऱ्या तिरक्या रेषेवर आत येतात, आणि एक्स अ‍ॅक्सिसवरचे बाण वर-खाली बघतात. असं दिसलं की दुसरं काही शोधू नका. स्टेपचं अंतर पण द्यायचं असतं, नाही दिलं तर तो एक धरतो आणि स्टेप ०.१ असेल तर फील्ड दहापट कमी येतं.

पण अदलाबदल सुधारूनसुद्धा भाच्याचे आकडे थेट फॉर्म्युल्याशी जुळेनात. हे जुळणार नाहीत. चार्जपासून दोन स्टेप लांबच्या पॉइंटवर ग्रेडियंट काय करतो, एका बाजूचा व्ही एक स्टेपवरचा आणि दुसऱ्या बाजूचा तीन स्टेपवरचा घेऊन फरक काढतो. वहीत मांडून बघा, खऱ्यापेक्षा ३३ टक्के जास्त येतं. पाच स्टेपवर चार टक्के. कोड बरोबर आहे, पद्धतच तेवढी जाडीभरडी आहे. पॉइंट चार्जसाठी फॉर्म्युला हातात असताना ग्रेडियंटच्या वाटेला जायचं कारण मला तरी दिसत नाही, फक्त सिलॅबसमधे लिहिलंय म्हणून करायचं असेल तर चार्जच्या जवळचे आकडे टेबलमधे देऊ नका.

बलरेषांसाठी स्ट्रीमप्लॉट वापरला की वेगळी तक्रार, "रेषा मधेच तुटतात". रिकाम्या जागेत फील्ड लाइन सुरू पण होत नाही आणि संपत पण नाही, मग हा काय प्रकार? तर स्ट्रीमप्लॉट चित्राचे चौकोन पाडतो आणि गर्दी नको म्हणून ज्या चौकोनात आधी एक रेषा गेलीय तिथे दुसरी येऊ देत नाही, वाटेतच तोडतो. मॅटप्लॉटलिब ३.६ पासून ब्रोकन स्ट्रीमलाइन्स फॉल्स करता येतं, तुटणं थांबतं. त्याच्या जोडीला स्टार्ट पॉइंट्स स्वतः द्या, प्लस चार्जभोवती छोट्या वर्तुळावर १६ पॉइंट, तिथून रेषा निघू देत. आणि रेषा जिथे दाट तिथे फील्ड जास्त असं या चित्रावरून कृपया लिहू नका. दाटी स्ट्रीमप्लॉटने स्वतःच्या सोयीने केलेली असते. शिवाय आपला चार्ज थ्रीडी जगातला, चित्र त्याचा एक काप.

या कापावरूनच भाच्याचा शेवटचा फोन आला, दुसऱ्या दिवशी सकाळी, मी सिग्नलला उभा. गाऊसचा नियम तपासायला त्याने एका चार्जभोवती वर्तुळ घेतलं आणि परिघावर फील्डची बेरीज केली. एक मीटरवर ५६.५, दोन मीटरवर २८.२. "मामा, फ्लक्स कमी होतोय, लीक होतंय कुठेतरी." लीक काही नाही, वर्तुळ म्हणजे बंद पृष्ठभाग नव्हे, वर-खालून सगळं उघडं आहे, गोल घे. संध्याकाळी मेसेज आला, गोलावर १७७ येतंय. पुस्तकाप्रमाणे एक नॅनोकूलॉमला क्यू भागिले एप्सिलॉन झीरो म्हणजे ११२.९ यायला पाहिजे. १७७ ला ११२.९ ने भागलं, १.५७, म्हणजे पायचा निम्मा, आणि हा आकडा दिसला की समजायचं एरिया एलिमेंटमधे साइन थीटा राहिलाय.

साइन थीटा टाकल्यावर ११२.९ आलं, सबमिशन झालं. नंतर फक्त एक अंगठा आला व्हॉट्सअ‍ॅपवर.